मास्कुम्मा

एडपोयिल गावातल्या कुठल्याही लहान पोराला विचारा, बिय्यात्तुम्माचं नाक सरळ आहे की बसकं? सांगता येणार नाही. तिचे डोळे त्यांना ठाऊक आहेत, पांढऱ्या पडलेल्या भुवया ठाऊक आहेत, डोक्याला घट्ट गुंडाळलेला पांढरा रुमालही. त्याच्याखाली निळा मास्क. पेज प्यायची तरी ती चुलीकडे तोंड करून बसते आणि वाडगा रिकामा झाला की मास्क वर चढवून मगच वळते. लोक तिच्या पाठीमागे तिला मास्कुम्मा म्हणतात, आणि बाजारातल्या फळवाल्या अश्रफसारखे काही तोंडावरच म्हणतात.

मशिदीच्या महल्लातल्या बायका मेल्या की त्यांना शेवटची अंघोळ घालायची, हे तिचं काम. आधी तिची आई करायची. आईचे गुडघे गेले तेव्हा बिय्यात्तुम्माच्या हातात तांब्या आला आणि मग तो हातातच राहिला. कोमट पाणी, बोरीचा पाला चुरडलेलं पाणी, शेवटी कापराचं पाणी. पोट हळूच दाबायचं, नखं साफ करायची, नाकपुड्या ओल्या कापसानं पुसायच्या. मेलेलीला ती मुकाट्यानं धुवायची नाही. "हं, आता कूस बदल गं, झालंच," असं म्हणायची. "केस किती गुंतवून ठेवलेस, सुनेनं विंचरले नाहीत वाटतं." बाहेर बसलेल्या सुनेला ते ऐकू जायचं आणि तिचं रडणं दोन पट्ट्या वर चढायचं. या कामाला दोघी लागतात, एकीनं अंग वळवायचं आणि दुसरीनं पाणी ओतायचं. दुसरी म्हणून तिनं आपल्या मुलीला, साजिदाला हाताशी घेतलं होतं.

वटवाघळांपासून येणारा तो विषाणू पहिल्यांदा आला त्या साली त्याचं नाव गावात कुणाला माहीत नव्हतं. खालच्या वाडीतली रमला म्हणून एक तरुण बाई तापानं गेली. ताप काय, पावसाळ्यात येतोच. अंगणात पुरुष छत्र्या घेऊन उभे होते आणि एकसारखे आत निरोप पाठवत होते, आटपा, मय्यत ताटकळत ठेवू नये. ते आपलं खरंच आहे. मेलेल्याला लवकर मातीआड करावं, हे तर बिय्यात्तुम्माच सगळ्यांना सांगायची. तिनं पदर खोचला, साजिदाला हाक मारली आणि दोघी उघड्या तोंडानं न्हाणीच्या आडोशात शिरल्या. आत वाफ कोंडली होती. रमलाच्या नाकपुड्या पुसून झाल्यावर साजिदानं मनगटानं आपल्या ओठावरचा घाम टिपला. बिय्यात्तुम्मानं ते पाहिलं. "खांद्याला पूस गं," असं तिच्या ओठांवर आलं होतं, पण पाणी निवत चाललं होतं आणि बाहेरून पुन्हा कुणीतरी हाक दिली. ती बोलली नाही.

साजिदाला ताप चढला तोवर विषाणूचं नाव पेपरात आलं होतं. तिला शहरातल्या दवाखान्यात नेलं ते काचेमागेच. बिय्यात्तुम्माला घरातून बाहेर पडायची बंदी होती, दारात पोलीस बसवला होता. सगळ्या गावाच्या लेकीसुना जिनं धुतल्या तिची लेक प्लॅस्टिकच्या पिशवीतून गेली. पांढरे झगे घातलेल्या माणसांनी तिला खोल खड्ड्यात उतरवलं. नंतर शहरातून निरोप आला की पाणी घालता आलं नाही, पण तयम्मुम केलं आहे. म्हणजे कोरड्या मातीवर तळवे टेकवून ते मय्यतीच्या तोंडावरून आणि हातांवरून फिरवायचे. पाणी नसेल किंवा पाण्यानं अपाय असेल तिथं धर्माला तेवढंही चालतं. धर्माला चाललं, बिय्यात्तुम्माला चाललं नाही. कुणी केलं असेल? कशानं केलं असेल? केलं तरी का? माणसं सांत्वनाला काहीही सांगतात.

नंतर दवाखान्यातल्या लोकांनी तिचं रक्त नेलं आणि आठवड्यानं सांगितलं, आजी, तो तुमच्या अंगात येऊन गेला, तुम्हाला कळलंही नाही, नशीबवान आहात. नशीबवान! तेव्हापासून तिच्या डोक्यात एकच बसलं. रमलाकडून साजिदाला गेलाच नसेल, माझ्यातून गेला असेल. एका ताटात जेवत होतो, एका चटईवर निजत होतो. डॉक्टरांनी समजावलं की तसं नाही, आता तुमच्यात काही उरलेलं नाही. तिनं मान हलवली आणि घरी येऊन मास्क लावला. आपल्याला काही होऊ नये म्हणून ती तो लावत नव्हती, हे गावाला कधी उमगलं नाही. साजिदाची मुलगी रिंशा आजीजवळच वाढली, बाप आखातात, तिकडेच दुसरा संसार. त्या पोरीचा तिनं इतक्या वर्षांत एक मुका घेतला नाही.

आणि साजिदा गेली म्हणून काही साजिदा गेली नाही. दुपारी विहिरीवर कुणी बाई मनगटानं घाम टिपताना दिसली की बिय्यात्तुम्माच्या हातातला पोहरा सुटायचा. बसमधे, रेशनच्या रांगेत, लग्नाच्या मांडवात बिर्याणीच्या वाफेत उभ्या असलेल्या बायकांत तेच मनगट वर जायचं, तोच ओठ पुसला जायचा. ती मोठ्यानं म्हणायची, "खांद्याला पूस." बायका एकमेकींकडे बघायच्या.

मधे करोनाची दोन वर्षं आली. म्हणू नये, पण तिच्या आयुष्यातली ती बरी वर्षं. सगळं गाव तोंड झाकून, कुणी कुणाला हसायचं? बिय्यात्तुम्मा बाजारातून जायची तर कुणी वळून बघत नसे. मग एक दिवस मास्क गेले. गटारात गेले, स्कूटरच्या आरशाला लटकले, पोरांनी त्यांच्या गोफणी केल्या. पुन्हा ती एकटी उरली.

तो जुना विषाणू मात्र जायचं नाव घेत नाही. दर एक-दोन सालांनी, वटवाघळं फळांना लागली की कुठल्यातरी पंचायतीतून बातमी येते. मग रस्त्यावर बांबू आडवे पडतात, शाळा बंद होतात, मेंबरबाई दारोदार मास्क वाटतात. चंद्रनच्या चहाच्या टपरीवर दोन तट पडतात. मागच्या खेपेला दुबईहून परतलेला एकजण म्हणाला, तिकडे कुत्रंसुद्धा मास्क लावत नाही. चंद्रन किटली न थांबवता म्हणाला, "तिकडे वटवाघूळ तरी आहे का रे? आधी झाड लाव, मग बोल." पोलिसाची गाडी वळणावर दिसली की सगळ्यांच्या हनुवट्यांवरचे मास्क एकदम वर. गाडी गेली की खाली. मशिदीतल्या उस्तादांचं प्रवचन व्हायचं तेही हनुवटीवर मास्क ठेवून, म्हणजे अल्लाही खूष आणि पंचायतही.

सगळ्यांत मोठा आवाज अश्रफचा. त्याचं एक कारण होतं आणि ते नुसतं आडमुठेपणाचं नव्हतं. वटवाघळाचं नाव निघालं की फळाला कोण हात लावतो? पेरू, रंबुटान, केळीचे घड, सगळं टोपलीत मऊ पडायचं आणि संध्याकाळी गुरांना जायचं. मास्क लावलेला माणूस बाजारात फिरणं म्हणजे त्याच्या दुकानाविरुद्ध फिरता फलक.

"मास्कुम्मा," तो हाक मारायचा, "माझ्या दुकानासमोरनं तरी उघड्या तोंडानं जा हो. तुम्हाला बघून माझे पेरू कुजतात."

"माझं उघडं तोंड बघशील तर दुकानासकट तू कुजशील," ती म्हणायची.

लोक हसायचे, तोही हसायचा. कारण त्याची आई इंबिच्चायशा आणि बिय्यात्तुम्मा एका मदरशात शिकलेल्या, एका बागेत काजू वेचलेल्या. गावात बिय्यात्तुम्माच्या ओसरीवर येऊन बसणारी ती एकटीच. तिला कमी ऐकू यायचं, म्हणून ती ओरडून बोलायची. "काढ की गं ते फडकं! मी काय आता मरायची राहिलेय?" मग स्वतःच म्हणायची, "मेले तर तूच धू हं मला. त्या पलीकडच्या महल्लातल्या बायका नकोत, त्यांचे हात राकट आहेत. आणि कान नीट धू, तिकडे कबरीत फरिश्ते विचारतील ते ऐकू यायला हवं."

यंदा पुन्हा बातमी आली. दोन पंचायती सोडून एक माणूस गेला. एडपोयिलचा रस्ता अजून बंद झाला नव्हता, पण होणार होणार म्हणून बाजार धास्तावला होता. त्यातच कळलं, इंबिच्चायशाला ताप आहे. बिय्यात्तुम्मा तांदळाची पेज आणि मिरीचा काढा घेऊन गेली तर अश्रफ फाटकातच उभा. बाजारात मास्कुम्मा म्हणणारा तो घरी तिला इत्ता, म्हणजे ताई म्हणायचा.

"साधा ताप आहे इत्ता. गोळी दिलीय. झोपलीय आता."

"बघून तर येते."

"झोपलीय म्हटलं ना!" तो जरा जोरातच बोलला. मग आवाज उतरवून म्हणाला, "कुणाला सांगू नका बाजारात. लोकांना काय, उठले की बोंब मारायला मोकळे."

अश्रफची बायको मुलांना घेऊन माहेरी गेली आहे, असंही कुणीतरी सांगितलं. बिय्यात्तुम्मा पेज घेऊन परत आली. तीन-चार दिवसांनी पहाटे फज्रच्या नमाजानंतर मशिदीच्या भोंग्यावरून इंबिच्चायशाचं नाव पुकारलं गेलं.

ती पोचली तेव्हा अंगणात माणसं होती पण सगळी कडेकडेनं. आरोग्य खात्याचा एक तरुण इन्स्पेक्टर नुकताच येऊन घशातला आणि रक्ताचा नमुना घेऊन गाडीत ठेवत होता. "उद्या दुपारपर्यंत कळेल," तो सांगत होता. "तोवर थांबा. थांबायचं नसेल तर पाणी नाही. पिशवीतच, खोल खड्डा. मी सांगितलं ते सांगितलं."

"थांबा म्हणजे?" माडाच्या बुंध्याला टेकून उभा असलेला अश्रफ तिथूनच ओरडला. "माझी उम्मा काय भाजी आहे, उद्यापर्यंत ठेवायला? म्हातारी बाई तापानं गेली. तुम्हाला प्रत्येक तापात वटवाघूळ दिसतं. अंघोळ होणार, कफन होणार, सगळं रीतीनं होणार!"

महल्लाचे सेक्रेटरी अलवी हाजी म्हणाले, मय्यत ताटकळत ठेवू नये. ते ऐकून बिय्यात्तुम्मानं मान वर केली. तेच शब्द, तसाच रिमझिम पाऊस, तशाच छत्र्या. सगळे उस्तादांकडे बघायला लागले. उस्ताद दाढीवरून हात फिरवत म्हणाले, "बाईच्या मय्यतीला हात लावणार बिय्यात्तुम्मा. आडोशाच्या आत तिचाच शब्द. पाणी की माती, तिनं ठरवावं. दोन्हीला जागा आहे."

रीत तशीच आहे, न्हाऊ घालणारीचा शब्द शेवटचा. पण ती रीत एरवी कुणाला आठवत नाही. अवघड जागचं दुखणं आलं की बायकांचा अधिकार बरोबर सापडतो.

कुंपणापलीकडे बायकांचा घोळका होता. परवापर्यंत मास्कुम्मा म्हणून फिदीफिदी हसणाऱ्या सगळ्यांनी ओढण्या नाकावर दाबून धरल्या होत्या. बिय्यात्तुम्मानं त्यांच्याकडे पाहिलं. दुसरी कोण येणार? एकीनं पायाचा अंगठा बघितला, एकीला घरी दूध उतू जाताना आठवलं. जात्यातले रडतात, सुपातले हसतात. इथे सूप रिकामं व्हायला लागलं होतं.

तेवढ्यात रिंशा आली. शहरात नर्सिंगला होती, कॉलेज बंद झाल्यामुळे घरी आलेली. हातात हातमोजे, चष्मा, प्लॅस्टिकचा झगा.

"वेल्लिम्मा, मी येते आत," ती आजीला म्हणाली.

"घरी जा."

"दोघींचं पुरेल इतकं आणलंय. नीट घातलं तर काही होत नाही."

"आत वाफ असते. चष्म्यावर धरते. मग काय करशील?"

"पुसेन."

"कशानं?" बिय्यात्तुम्मा म्हणाली. "मनगटानं?"

रिंशाला काही कळलं नाही. ती पुढे आली, आवाज खाली आणून म्हणाली, "माझी उम्मा पाण्याविना गेली, वेल्लिम्मा. मी पाणी बघितलं की मला तेच आठवतं. निदान हिला तरी... ही तुझी मैत्रीण आहे. तुला एकटीला उचलणार नाही. मला येऊ दे ना."

पोरीचं खरं होतं. एकटीनं उचलणार नव्हतं. तसं असतं तर बिय्यात्तुम्मा केव्हाच आत गेली असती आणि कानसुद्धा नीट धुतले असते. आता दोनच वाटा होत्या. रिंशाला आत घ्यायचं आणि इंबिच्चायशाला पाणी द्यायचं, नाहीतर रिंशाला बाहेर ठेवायचं आणि मैत्रिणीला तसंच पाठवायचं, साजिदाला पाठवलं तसं. पोरगी समोर उभी होती. डिट्टो आई. पावसाचे थेंब तिच्या ओठावर होते आणि बोलता बोलता तिनं ते मनगटानं टिपले.

"माती," बिय्यात्तुम्मा मोठ्यानं म्हणाली. "पाणी नाही. मी एकटी आत जाईन."

"काय?" माडाखालून अश्रफ किंचाळला. "माझ्या उम्माला माती फासणार? गावभरच्या बायका धुतल्यात ना तुम्ही? आणि माझ्याच उम्माला..."

"ये मग आडोशाच्या दारापर्यंत," ती म्हणाली. "पाणी आणून दे, मग बघू."

अश्रफ माडापासून हलला नाही.

आता कोरडी माती कुठून आणायची? महिनाभर पाऊस कोसळत होता, आमच्याकडची जमीन त्या दिवसांत चिखलाशिवाय काही देत नाही. बिय्यात्तुम्मा घरामागे गेली. लाकडं रचायच्या पडवीत, भिंतीच्या कडेला पागोळ्यांच्या आत, मऊ धूळ होती. त्यात भुईकिड्यांची वाटीसारखी खळगी. ती बसली आणि बोटानं त्या किड्यांना अलगद बाजूला करत ओंजळभर धूळ तिनं कापडावर घेतली.

आत इंबिच्चायशा खाटेवर होती, इन्स्पेक्टरच्या माणसांनी उघड्या पिशवीत ठेवलेली. अंगावर त्यांनीच ओढलेली चादर. रिंशाच्या सामानातले हातमोजे, झगा, दोन मास्क घालून बिय्यात्तुम्मा तिच्या डोक्याशी उभी राहिली आणि चादर तोंडावरून खाली घेतली.

ओठ फुटलेले होते. जीभ टाळ्याला चिकटलेली. तोंड एका बाजूनं उघडं राहिलं होतं, कुणाला हाक मारता मारता राहावं तसं, आणि मान दाराकडे वळलेली. इतकी मढी तिनं पाहिली होती, तिला ते तोंड वाचता येत होतं. या बाईला शेवटी तहान लागली होती.

"माफ कर गं," ती म्हणाली. एरवी मेलेलीशी इतकं बोलणारी, पण त्या दिवशी तिला पुढे काही सुचेना. तिनं तळवे धुळीवर टेकवले आणि इंबिच्चायशाच्या कपाळावरून, डोळ्यांवरून, त्या फुटक्या ओठांवरून खाली आणले. पुन्हा टेकवले आणि हातांवरून फिरवले, आधी उजवा, मग डावा. एवढंच. संपलं. इतकं थोडं असतं ते.

आणि तेव्हा तिला पहिल्यांदा वाटलं की साजिदालाही कुणीतरी असंच केलं असेल. कुणीतरी पांढऱ्या झग्यातलं, घाईत, भ्यालेलं. केलं असेल. नसेलही. पण करता येतं हे तिला आता कळलं होतं. तिनं इंबिच्चायशाचं तोंड झाकलं, पिशवीची चेन ओढली आणि बाहेर येऊन हातमोजे उतरवले.

दफन दुपारी झालं. मातीचा मान मुलाचा असतो, पण खड्डा खोल होता आणि इन्स्पेक्टर कुणाला जवळ येऊ देत नव्हता. अश्रफनं हट्ट धरला नाही, लांबूनच दुवा मागितली.

दुसऱ्या दिवशी जेवणवेळ टळून गेल्यावर तो बिय्यात्तुम्माच्या फाटकात आला. पाठीमागे चार-दोन माणसं, तमाशा बघायला तेवढी मिळतातच. हातात मोबाईल.

"निगेटिव्ह!" तो ओरडला. "ऐकलंत? निगेटिव्ह! लेप्टो होता. उंदराचा ताप! विषाणू नव्हता, काही नव्हतं. माझ्या उम्माला तुम्ही माती फासून पाठवलं!"

आतून रिंशा धावत आली. बिय्यात्तुम्मानं तिला हातानं मागे केलं आणि पायरीवर उतरली.

"निगेटिव्ह," ती म्हणाली. "नक्की?"

"नक्की! इन्स्पेक्टरनंच सांगितलं. तोंड झाकून झाकून डोकं पण झाकलं गेलंय तुमचं. दुधानं तोंड पोळलं म्हणून दुसऱ्याच्या आईलाही ताक फुंकून पाजाल? आता कयामतपर्यंत ती तशीच राहणार. तुमच्या लेकीसारखी!"

मागची माणसं चपापली. एक म्हणाला, "अश्रफ, बास." बिय्यात्तुम्मा मात्र पायरीवर खाली बसली. ती रडते आहे की काय ते मास्कमुळे कुणाला कळेना.

"बोल," ती म्हणाली. "जे बोलायचं ते बोल, मला लागू आहे. तिनं मला सांगून ठेवलं होतं, तूच धू म्हणून. मी नाही धुतलं. पण त्याच्यापेक्षा वाईट केलंय मी. सांगू? काल दिवे लागल्यापासून मी नमाजच्या चटईवर बसून काय मागत होते ठाऊक आहे? 'या अल्ला, होय म्हणून येऊ दे. तोच निघू दे.' तू दगावलास तरी चालेल, बाजार बंद पडला तरी चालेल, पण तोच निघू दे. म्हणजे मी बरोबर ठरेन. असं मागितलं मी. आपल्या मैत्रिणीच्या घरावर."

अश्रफचा मोबाईल धरलेला हात खाली आला. त्यानं मागे वळून त्या माणसांकडे पाहिलं. "जा रे तुम्ही," तो म्हणाला. ती जाईनात तेव्हा ओरडला, "जा म्हणतो ना!"

ती पांगली. रिंशा उंबऱ्यात उभी होती. अश्रफ अंगणात तसाच उकिडवा बसला, पावसानं ओल्या झालेल्या मातीवरच.

"मीही तेच मागत होतो," तो म्हणाला.

"तू?"

"मी आत गेलोच नाही, इत्ता. ताप चढला त्या दिवसापासून. बायकोला पोरांसकट पाठवून दिलं आणि खोलीचं दार ओढून घेतलं. पेज खिडकीतून काठीनं सरकवायचो. पहिल्या दिवशी तिनं घेतली. मग वाडगं तसंच राहायला लागलं. ती हाका मारायची, पाणी दे रे, अश्रफ, पाणी दे. कमी ऐकू यायचं ना तिला, मोठ्यानं मारायची. मी दाराबाहेर बसून होतो. मास्क लावून. बाजारात कधी लावला नाही, उम्माच्या दारात लावला." त्यानं नाक पुसलं. "दवाखान्यात नेलं असतं तर तपासलं असतं, रस्ता बंद झाला असता, दुकान गेलं असतं. आता तो इन्स्पेक्टर पोरगा म्हणतो, लेप्टोला गोळ्या असतात, वेळेवर आणली असती तर उठून बसली असती. तो विषाणू असता, तर मी केलं ते बरोबर झालं असतं, इत्ता. असता तर बरं झालं असतं."

बिय्यात्तुम्माला त्याची चीड आली. उठून त्याच्या थोबाडीत द्यावी असं वाटलं. याच ओसरीवर येऊन बसणारी इंबिच्चायशा, ओरडून बोलणारी, हाका मारून मारून मेली, आणि हा घोडा दाराबाहेर. पण तिचे हात मांडीवरून उचलले गेले नाहीत.

अश्रफनं वर पाहिलं. त्याचे डोळे लाल झाले होते आणि लहान पोराचे असतात तसे दिसत होते.

"मी तिचं तोंड पाहिलं नाही," तो म्हणाला. "अंगणात सगळ्यांदेखत माडापाशी उभा राहिलो. तुम्ही एकट्यांनीच पाहिलंत. कसं होतं? तोंड कसं होतं तिचं?"

रिंशा आजीकडे बघत होती.

"मिटलेलं होतं," बिय्यात्तुम्मा म्हणाली. "झोपलेल्या माणसाचं असतं तसं. हसरंच म्हण की."

"खरंच?"

"मी कशाला खोटं बोलू, मोने, बाळा?"

अश्रफ तिच्या डोळ्यांकडे बघत राहिला आणि मग त्यानं गुडघ्यांत डोकं घालून हुंदके दिले. बिय्यात्तुम्मानं मास्क नाकावर आणखी घट्ट दाबून धरला, कारण खाली तिचे ओठ काही केल्या थांबत नव्हते.